रेषेच्या आत पाय टाकलात, तर खेळ थांबेल

दीपनगर, फेकरी, भुसावळ, वरणगाव या पट्ट्यात बास्केटबॉलचे सामने भरवणाऱ्या आणि बघणाऱ्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. या सामन्यांत शिट्टी वाजवणारे आम्ही सात जण गेल्या रविवारी एकत्र बसलो आणि एकमताने ठरवलं. येत्या १ डिसेंबरपासून खेळ चालू असताना प्रेक्षक रेषेच्या आत आला, त्याने चेंडू अडवला, खेळाडूच्या किंवा पंचाच्या अंगाला हात लावला किंवा स्कोअररच्या टेबलावर येऊन वाकला, तर खेळ त्याच क्षणी थांबेल. त्याच सामन्यात दुसऱ्यांदा तसं झालं, तर मैदान रिकामं करायला सांगितलं जाईल. पंधरा मिनिटांत ते रिकामं झालं नाही, तर त्या दिवसाचा खेळ संपला. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, फाटक लावून, एकाही प्रेक्षकाविना खेळवला जाईल. कुणाची ओळख, कुणाचं पद, कुणी दिलेली वर्गणी यातलं काहीही आड येणार नाही.

एवढं कडक लिहायची वेळ का आली, ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलांचा अंतिम सामना होता. मैदान सिमेंटचं, रेषा चुन्याच्या, आणि त्या रेषेला गुडघे टेकतील अशा लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांच्या मागे दोन रांगा उभ्या. जनरल शिफ्ट सुटलेली, त्यामुळे गर्दी भरपूर. चौथ्या डावाची चाळीस सेकंदं उरली होती आणि एका गुणाचा फरक होता. मागे असलेल्या संघाचा एक सडपातळ मुलगा साइडलाइनला धरून चेंडू टप्पे देत पुढे काढत होता. त्याने बचाव करणाऱ्या मुलाला चकवलं आणि समोर बास्केटपर्यंत मोकळी वाट होती. तेवढ्यात खुर्चीतून एक पाय पुढे आला. ब्राउन रंगाची सँडल, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. मुलगा तोंडावर पडला, चेंडू घरंगळत गेला, समोरच्या संघाने तो उचलला आणि पलीकडे जाऊन बास्केट केली. तीन गुणांनी सामना गेला.

मी त्या साइडलाइनवरचा पंच होतो. माझ्यापासून तो पाय चार हातांवर होता. मी तो पाहिला. शिट्टी माझ्या तोंडात होती आणि मी ती वाजवली नाही. थांबवलं तर गर्दी आत शिरेल, भांडण होईल, चाळीसच सेकंदं तर आहेत, निघून जातील, असं त्या अर्ध्या क्षणात मनात आलं. सामना संपल्यावर त्याची आई बाटलीतलं पाणी ओतून त्याच्या गुडघ्यातली खडी काढत होती. त्याने मान वर करून विचारलं, "सर, तुम्ही बघितलं ना?" मी म्हणालो, "खेळात होतं असं, बाळा."

ते खेळात झालेलं नव्हतं. खेळाच्या बाहेरच्या माणसाने ते केलं होतं आणि खेळ राखायची जबाबदारी ज्याची, त्याने ते होऊ दिलं होतं. महिन्याभराने मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि मी खोटं बोललो होतो, हे त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलं. त्याने सामना परत मागितला नाही. त्याने विचारलं, "मग आता पुढच्या वेळी काय करणार?" हा इशारा म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे.

आता त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते नीट मांडतो. कारण प्रेक्षकांइतकाच गोंधळ पंचांच्याही डोक्यात आहे.

बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. रेषा स्वतः मैदानाचा भाग नाही. फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, नियम सांगतो की मैदानाच्या बाहेर दोन मीटरपर्यंत कुठलाही अडथळा नको. बेंचवर बसलेला कोच आणि राखीव खेळाडूसुद्धा त्या दोन मीटरच्या पलीकडे हवेत. जिथे कोचला बसायला परवानगी नाही, तिथे आपण मामा-काकांच्या खुर्च्या मांडतो. पहिली चूक तिथेच होते, चेंडू वर उडण्याच्या आधी.

दुसरी गोष्ट. रेषेबाहेरच्या माणसाला चेंडू लागला, तर चेंडू बाहेर गेला असं धरतात, आणि ज्या खेळाडूचा हात शेवटी लागला त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन मिळतो. चेंडू आपणहून बाहेर जाऊन प्रेक्षकाला लागला, तर हा नियम अगदी बरोबर आहे. पण प्रेक्षकाने मुद्दाम हात आत घालून टप्पे देणाऱ्याचा चेंडू ढकलला तर? नुसतं अक्षर धरून बसलं, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच चेंडू जातो आणि चोरी करणाऱ्याच्या आवडत्या संघाला तो बक्षीस मिळतो. आमच्यातल्या काही पंचांनी आजवर असेच निर्णय दिले आहेत आणि ते देताना नियमपुस्तकाचा आधारही सांगितला आहे. तो आधार अपुरा आहे. नियमात ज्या गोष्टीचा स्पष्ट उल्लेख नाही, तिथे निर्णय देण्याचा अधिकार त्याच पुस्तकाने मुख्य पंचाला दिला आहे. तो असल्याच प्रसंगांसाठी वापरायचा असतो.

म्हणून आमची पद्धत आता अशी राहील. प्रेक्षकाचा हात, पाय, फेकलेली बाटली, काहीही खेळात आलं की शिट्टी. घड्याळ थांबेल. त्या क्षणी चेंडू ज्या संघाच्या ताब्यात होता त्यालाच परत मिळेल आणि खेळ जिथे थांबला त्याच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन होईल. ताबा कुणाचाच नव्हता, चेंडू हवेत किंवा झटापटीत होता, तर टेबलावरच्या पझेशन अ‍ॅरोप्रमाणे चेंडू दिला जाईल. शिट्टी आणि घड्याळ यांच्यामध्ये सेकंद वाया गेले असतील, तर टायमरशी बोलून ते परत लावले जातील. त्या मुलाच्या बाबतीत हे केलं असतं, तर चेंडू त्याच्याच हातात, त्याच जागी, चाळीस सेकंदांसह परत आला असता. पुढे तो जिंकला असता की हरला असता, ते त्याच्या हातात राहिलं असतं.

काय करणार नाही, तेही सांगतो, कारण ही मागणी आमच्याकडे हमखास येते. "त्यांच्या माणसाने अडवलं, आम्हाला दोन गुण द्या." गुण मिळणार नाहीत. "त्यांच्या संघावर फाउल द्या." तोही नाही. खुर्चीतल्या काकांच्या वागण्याची शिक्षा मैदानातल्या मुलाला देणं हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय आहे. पाय घालणारा माणूस कुठल्या संघाचा, हे तरी आम्ही कशावरून ठरवायचं? त्याच्या टी-शर्टच्या रंगावरून? मात्र एक भेद ध्यानात ठेवा. आत येणारा माणूस बेंचवरचा असेल, म्हणजे सहायक प्रशिक्षक, राखीव खेळाडू किंवा पाच फाउल होऊन बाहेर बसलेला मुलगा, तर तो प्रेक्षक नाही. त्याच्यासाठी टेक्निकल फाउल आहे आणि समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आहे. कोचनी आपला बेंच ओळखावा. "हा आमचा नाही, असाच बसलाय," हे उत्तर चालणार नाही. जो स्कोअरशीटवर नाही, तो बेंचवर बसणार नाही.

इथे कुणी म्हणेल, गावपातळीवरचा खेळ, एवढा बाऊ कशाला? पोरं खेळतात, लोक हौसेने येतात, थोडं इकडेतिकडे होणारच. हे वाक्य आजवर मीही म्हटलं आहे. मोठे दंगे असेच "थोडं इकडेतिकडे" म्हणत सुरू झालेले आहेत, आणि त्यातले काही आपल्याच राज्यात झालेले आहेत.

नोव्हेंबर १९६९. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पंचांनी वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवरच्या समालोचनात तो बाद नसल्याचं मत व्यक्त झालं आणि स्टँडमधल्या ट्रान्झिस्टरवरून ते हजारो कानांत गेलं. मैदानावर काय घडलं, हे प्रेक्षकांनी पंचाऐवजी रेडिओवरून ठरवलं. बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या. आज त्या ट्रान्झिस्टरची जागा मोबाइलने घेतली आहे. फाउल दिला की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी व्हिडिओ घेऊन टेबलाशी हजर होतो: "सर, हे बघा, लागलंच नाहीये." तो व्हिडिओ आम्ही पाहणार नाही. प्रेक्षकाच्या फोनवर निर्णय बदलायला लागलो, तर उद्या ज्याचा फोन मोठा त्याचा सामना.

१९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर पहिलाच कसोटी सामना होता. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक केलं आणि त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक धावत मैदानात गेला. मनात वाईट काही नव्हतं, प्रेमाने गेला होता. पोलिसांनी त्याला मारलं, स्टँड खवळले, दंगल झाली आणि खेळ बंद पडला. प्रेमाने आत येणाराही आत येतो, तेव्हा काय होतं ते त्या दिवशी दिसलं. आमच्याकडे बास्केट झाली की मुलाला खांद्यावर घ्यायला धावणारे मोठे भाऊ असतात. घड्याळ चालू असतं, समोरचा संघ बेसलाइनवरून चेंडू आत टाकू पाहतो आणि मैदानात सहा-सात माणसं नाचत असतात. भावांनो, तुमचा आनंद खरा आहे. तो रेषेच्या बाहेर करा.

तोच लॉइड २१ वर्षांनी, १३ मार्च १९९६ ला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सामनाधिकारी होता. विश्वचषकाचा उपांत्य सामना, श्रीलंकेच्या २५१ धावांसमोर भारत ८ बाद १२०. स्टँडमधून बाटल्या येऊ लागल्या, आगी लागल्या. लॉइडने खेळाडू आत बोलावले, थोड्या वेळाने पुन्हा खेळ सुरू करून पाहिला, पुन्हा तेच झालं आणि त्याने सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद असलेला आपला विनोद कांबळी रडत परत आला, ते दृश्य त्या पिढीतलं कुणी विसरलेलं नाही. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, त्याच मैदानावर पाकिस्तानविरुद्ध सचिन धावबाद झाल्यावर पुन्हा गोंधळ झाला. त्या वेळी वेगळा मार्ग घेतला गेला. स्टेडियम रिकामं केलं आणि उरलेला खेळ मोकळ्या खुर्च्यांसमोर पूर्ण झाला. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकलं, पण जिंकलं ते खेळून.

आम्ही सात जणांनी या दोन मार्गांवर बराच वेळ घालवला. आमच्यातले दोघे पहिल्या मार्गाचे होते: दंगा केला की सामना समोरच्याला द्या, म्हणजे धडा मिळेल. पण मग उद्या पिछाडीवर असलेल्या संघाचे समर्थक मुद्दाम समोरच्यांच्या घोषणा देत आत घुसले तर? आघाडीवरच्या मुलांचा सामना एका बनावट घोषणेने जाईल. सामना रद्द करून पुन्हा पहिल्यापासून खेळवा म्हटलं, तरी वीस गुणांनी हरणाऱ्याला दंगा फायद्याचाच. म्हणून दुसरा मार्ग. सामना जिथे थांबला तिथूनच, तोच गुणफलक, तेच फाउल, घड्याळावर उरलेली तीच सेकंदं, पण प्रेक्षक नाहीत. यात दंगा करणाऱ्याला काही मिळत नाही, फक्त त्याला सामन्याचा शेवट बघायला मिळत नाही.

बास्केटबॉलमधली उदाहरणंही कमी नाहीत. १९ नोव्हेंबर २००४, अमेरिकेत ऑबर्न हिल्सच्या पॅलेसमध्ये डेट्रॉइट पिस्टन्स आणि इंडियाना पेसर्स यांचा सामना. ४५.९ सेकंद उरले होते, पेसर्स ९७-८२ ने पुढे. खेळाडूंची धक्काबुक्की जवळजवळ शमली होती. तेवढ्यात स्टँडमधून पेयाने भरलेला एक कप आला आणि पेसर्सच्या रॉन आर्टेस्टच्या अंगावर पडला. तो स्टँडमध्ये घुसला आणि मग जे झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. सामना तिथेच संपवला. आर्टेस्ट त्या हंगामात पुन्हा खेळला नाही. एका कपाने हे केलं. आणि २ जुलै २०१८ ला फिलिपिन्समध्ये, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंवर यजमान खेळाडू तुटून पडले, बाजूने बाटल्या आणि खुर्च्या आल्या. फिबाने दोन्हीकडच्या मिळून १३ खेळाडूंना निलंबित केलं, यजमान महासंघाला मोठा दंड केला आणि त्यांचा पुढचा घरचा सामना बंद दाराआड खेळवायला लावला. त्या सामन्याच्या पंचांनाही फिबाने मोकळं सोडलं नाही. पंचांचं काम हातून सुटलं, की जगभर त्याची किंमत मोजावी लागते. ती इथेही मोजली पाहिजे, आणि आम्ही स्वतःपासून सुरुवात केली आहे.

दीपनगरच्या वसाहतीतल्या लोकांना रेषेचा अर्थ मी शिकवायची गरज नाही. इथल्या घराघरात कुणी ना कुणी वीज केंद्रात कामाला आहे. काम चालू असलेल्या जागेभोवती पट्टी बांधली की परमिट हातात नसलेला माणूस ती ओलांडत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. संचात बिघाड दिसला की रिले संच ट्रिप करते. २१० मेगावॅटचा असो की ५०० चा, ती कुणाला विचारत बसत नाही. ट्रिप झाला की तोटा होतो, फोन खणखणतात, रात्रीची झोप जाते. पण टर्बाइन वाचतं. पंचाची शिट्टी हेच काम करते. दिवसभर त्या शिस्तीत काम करणारी माणसं संध्याकाळी शंभर पावलांवरच्या मैदानात येऊन रेषेवर चप्पल टाकून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथली मुलं उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून पहाटे पाचला उठून सराव करतात. त्यांच्या एका ले-अपमागे काय असतं, ते त्यांचे आईबाप जाणतात.

मुलींच्या सामन्यांबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. गेल्या दोन वर्षांत मी जे ऐकलं ते इथे छापण्यासारखं नाही. शॉर्ट्सवरून शेरे, नावाने हाका, फ्री थ्रो घ्यायला उभी राहिली की मागून शिट्ट्या, आणि मोबाइल वर करून जवळून चित्रीकरण. एका सामन्यात एक मुलगी टाइम-आउटमध्ये कोचला म्हणाली की मला त्या बाजूला पाठवू नका. ती त्या संघातली सगळ्यात चांगली फॉरवर्ड होती आणि उरलेला सामना ती अर्ध्याच मैदानात खेळली. प्रेक्षकाने तिला हात लावला नाही, चेंडूला हात लावला नाही, रेषा ओलांडली नाही. तरीही मैदानाची एक बाजू तिच्याकडून काढून घेतली. आम्ही याला खेळातला अडथळाच मानतो, आणि साधा नाही, सगळ्यात वाईट. यात पहिली ताकीद मिळणार नाही. अंगावरून, कपड्यांवरून किंवा जातीवरून एक शब्द उच्चारला गेला, तर बोलणारा माणूस मैदानाबाहेर जाईपर्यंत चेंडू हलणार नाही. तो गेला नाही तर ११२ ला फोन जाईल, आणि तो फोन पंच स्वतः करेल, आयोजकाची वाट न बघता. मुलीच्या परवानगीशिवाय केलेलं चित्रीकरण जागेवर पुसून टाकायला सांगितलं जाईल. नकार देणाऱ्याची लेखी तक्रार पोलिसांत जाईल.

हे वाचून कुणी असा समज करून घेऊ नये की आम्हाला मुकं मैदान हवं आहे. ओरडा. घसा बसेपर्यंत ओरडा. ढोल आणा, संघाचं नाव घेऊन टाळ्या वाजवा. फाउल चुकला असं वाटलं तर पंचाच्या नावाने ओरडा, तेही आम्ही सोसतो, तो या कामाचा भाग आहे. फ्री थ्रोच्या वेळी समोरून आरोळ्या मारून मुलाचं लक्ष विचलित करणं हेही खेळ बघण्याच्या रीतीत बसतं. एकच वस्तू आणू नका: शिट्टी. गर्दीतून शिट्टी वाजली की मुलं थांबतात, चेंडू सोडून पंचाकडे बघतात, आणि ज्याने शिट्टी ओळखली तो पळत जाऊन बास्केट करतो. असं झालं तर आम्ही खेळ मागे आणू, ताबा परत देऊ आणि शिट्टी वाजवणाऱ्याला शोधायला सांगू. तो सापडेपर्यंत थांबू.

टेबलाजवळ गर्दी हे आमच्याकडचं जुनं दुखणं. स्कोअरर बहुतेक वेळा कॉलेजमधलं पोर असतं. त्याच्या मागे चार पालक उभे, एक गुण ओरडून सांगतो, दुसरा फाउल मोजतो, तिसरा म्हणतो "भो, तो टाइम दाबला नाहीस तू." पोर घाबरतं आणि चुकतं. १ डिसेंबरपासून टेबलाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरी असेल. गुणांबद्दल शंका असेल तर ती संघाच्या कर्णधाराने किंवा कोचने, खेळ थांबलेला असताना विचारायची. तक्रार नोंदवायची असेल तर सामना संपल्यावर कर्णधाराने स्कोअरशीटवर सही करायची आणि कारण लेखी द्यायचं. नियमाने दिलेला रस्ता तोच आहे.

आयोजकांना. मैदानाचा बंदोबस्त ही तुमची जबाबदारी आहे, आमची नाही. आम्ही प्रेक्षकाच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढणार नाही, त्याच्याशी वाद घालणार नाही, त्याला उत्तर देणार नाही. आम्ही तुमच्या माणसाला बोलावू, आणि तो माणूस तिथे असला पाहिजे. चारी बाजूंनी रेषेपासून दोन मीटरवर दोरी. प्रत्येक बाजूला एक स्वयंसेवक, तोही बाहेर तोंड करून उभा. सामना बघत उभा राहिलेला स्वयंसेवक काही कामाचा नाही. सामन्याआधी मुख्य पंचाला भेटून "मैदानाला मी जबाबदार" असं सांगणारा एक माणूस. प्रथमोपचाराची पेटी. आणि स्पर्धेच्या नियमपत्रकात वर सांगितलेली थांबवण्याची, रिकामं करण्याची आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण करण्याची तरतूद छापलेली, दोन्ही संघांच्या सहीसह. यातलं एक जरी नसेल तर आम्ही चेंडू वर उडवणार नाही. पंधरा मिनिटं थांबू. उशिरा येणाऱ्या संघाची वाट बघायची मर्यादाही नियमाने तेवढीच दिली आहे. त्यानंतर शिट्टी खिशात घालून घरी जाऊ, मानधन न घेता. बक्षीस वितरणाला कोण पाहुणे यायचे आहेत, ते आम्हाला सांगू नका. पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा दोरीच्या बाहेरच लागतील.

पंच मित्रांना, आमच्या सात जणांच्या बाहेर जे या जिल्ह्यात आणि धुळ्याकडे काम करतात त्यांनाही. तुम्ही प्रसंग पाहिला असेल तर शिट्टी वाजवा. पाहिला नसेल तर अंदाजाने वाजवू नका. सहकारी पंचाला विचारा. थांबवल्यावर आधी पडलेल्या मुलाकडे जा, मग टेबलाकडे. घड्याळावर किती वेळ उरला, चेंडू कुणाकडे होता, कुठे होता, हे मोठ्याने बोलून स्कोअररला लिहायला लावा. दोन्ही कोचना एकत्र बोलावून एकदाच सांगा. गर्दीकडे बघून काहीही बोलू नका. सामना संपल्यावर घटनेचा लेखी अहवाल त्याच संध्याकाळी द्या, दुसऱ्या दिवशी नाही. रात्रीत आठवण मऊ होते आणि ओळखीचे लोक भेटायला येतात. आणि फोन आले, तर ते नोंदवून ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या एका कुस्तीच्या निकालानंतर पंचांना फोनवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला त्याच स्पर्धेत शिवराज राक्षेने निकालाच्या रागात पंचांना लाथ मारली, आणि राज्य कुस्तीगीर संघाने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केलं. लाल माती असो की सिमेंट, पंचाच्या अंगावर हात उचलला गेला की तिथली मुलं काय शिकतात, ते वेगळं सांगायला नको.

पालकांना एकच सांगायचं आहे. तुमचा मुलगा मैदानात असताना तुम्ही आत आलात, तर तो खाली बघतो. मी समोरून पाहिलं आहे, किती वेळा ते मोजलेलं नाही. तुम्ही त्याच्या बाजूने भांडायला आलेले असता आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत असतं. तो हरला तर त्याला हरू द्या. घरी घेऊन जा, भरीत-भाकरी वाढा, आणि फाउल कुणाचा होता याची चर्चा करू नका.

मुदत ३० नोव्हेंबर. तोपर्यंत जे सामने होतील त्यांत आम्ही ताकीद देऊ, समजावू, दोरी मागू. १ डिसेंबरपासून समजावणं बंद. ज्या आयोजकांना ही अट मान्य नाही, त्यांनी आत्ताच दुसरे पंच बघावेत. आमच्या सात जणांपैकी कुणीही मागच्या दाराने येऊन शिट्टी वाजवणार नाही.

डिसेंबरचा पहिला सामना वसाहतीतल्या मैदानावर संध्याकाळी पाचला आहे. दोरी बांधायला आम्ही साडेतीनला येतोय. खुंट्या आहेत, हातोडी एकच आहे. ज्यांच्या घरी दुसरी असेल, त्यांनी ती घेऊन यावं.